उधाणाची राखण

रामवाडी हे नाव कोकणात जाणाऱ्या बहुतेकांनी अर्धवट झोपेत ऐकलेलं असतं. मुंबईहून रात्री निघालेली एसटी कर्नाळ्याची वळणं संपवून पेणपाशी थांबते, आतले दिवे लागतात, कंडक्टर ‘रामवाडी, रामवाडी’ असा पुकारा करतो, कुणीतरी पिशव्या आवरत उतरतं आणि बाकीची गाडी पुन्हा माना टाकते. गुहागर, मालवणला जाणाऱ्यांच्या लेखी रामवाडी म्हणजे ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ एवढंच. माझ्यासाठी ते उतरायचं ठिकाण. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय आणि कार्यशाळा इथे आहे आणि माझे मामा त्या कार्यशाळेत फिटर होते.

मामा इंजिन स्क्रूड्रायव्हरने ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धडधडत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मग कुठल्या बेअरिंगचं आयुष्य सरत आलंय ते सांगायचं. ड्रायव्हर लोक तक्रारी लिहायचे त्या एका ओळीच्या: क्लच धरत नाही, गाडी डावीकडे ओढते, चढाला दम लागतो. त्या ओळीवरून गाडीचा आजार कळायचाच, पण मामांना ड्रायव्हरही कळायचा. दापोडीच्या कार्यशाळेत सांगाड्यावर पत्रा चढून गाडी एकदाच तयार होते. रामवाडीत ती दर रात्री तयार करावी लागते, असं ते म्हणायचे. ती किती धावली हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ‘वाटेत उभी राहिली नाही’ हे मात्र सांगायचे, आणि तेही जेवताना, भाजीत मीठ बरोबर आहे हे सांगावं तशा आवाजात.

१ जून १९४८ ला नगरहून पुण्याला एसटीची पहिली गाडी निघाली. तिचा वाढदिवस दरवर्षी साजरा होतो आणि व्हायलाच हवा. रात्रपाळीच्या फिटरला मात्र तारीख नसते.

मामांचं गाव खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. रामवाडी सोडून वाशी, वढावच्या अंगाला जावं तसा रस्ता सपाट होत जातो आणि नजर अडेल असं काही उरत नाही. दूर एक हिरवी-काळी रेघ दिसते, ती तिवरांची. तिच्या अलीकडे पुरुषभर उंचीचा मातीचा बांध, बांधाच्या अलीकडे भाताची खाचरं. ही खाचरं उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरती पूर्ण चढलेली असताना बांधावर उभं राहिलं की डावीकडचं पाणी उजवीकडच्या शेतापेक्षा वर दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हॉलंडच्या लोकांनी समुद्र मागे हटवला, हे आम्ही शाळेत भूगोलात शिकलो. मामाही खारेपाटातल्या शाळेत तेच शिकले होते, वर्गाच्या खिडकीतून हा बांध दिसत असताना.

बांध कुणी घातला याचा शिलालेख नाही. कसा घातला ते मात्र गावातला कोणीही सांगेल. इथला इंजिनीअर तिथी पाहून काम करायचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. त्या दिवसांत खाडीतली चिकण माती कापायची, ढेकळं रचायची, तुडवायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण यायच्या आत बांध इतका उंच व्हायला हवा की पाणी वरून येणार नाही. बाहेरच्या अंगाला दगड लावायचे. त्यापुढची तिवरं तोडायची नाहीत, कारण लाटेचा पहिला जोर ती घेतात. आणि या सगळ्यात शहाणी वस्तू म्हणजे उघाडी. बांधाच्या पोटातून एक मोरी, तिच्या बाहेरच्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही, माणूस नाही. समुद्राला त्याच्याच जोराने बाहेर ठेवायची ही युक्ती मी मोठ्या धरणांच्या रांगेत, जरा पुढच्याच जागी बसवीन.

माणूस नाही म्हटलं खरं, पण तेवढं खरं नाही. झडपेत ओंडका अडकतो, फळी कुजते. खेकडे बांधाला बिळं पाडतात. २०१९ च्या जुलैमध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला आणि महाराष्ट्र हसला. खारेपाटात मात्र कोणी पुरतं हसलं नाही. खेकड्याच्या बिळातून आधी बोटभर धार येते, मग मनगटाएवढी, मग मांडीएवढी, आणि सकाळपर्यंत बांधाला खांड पडलेली असते. इथे खेकडा गुन्हेगार खराच. पण बीळ बोटभर असताना कोणीतरी ते पाहायचं असतं, आणि ज्याने पाहायचं त्याच्याबद्दल मंत्री बोललेच नाहीत. उधाणाच्या रात्री कंदील, पुढे बॅटरी घेऊन बांधावर चालत जाणं हे गावातल्या पुरुषांचं ठरलेलं काम होतं. पायाला ओल लागली की थांबायचं, वाकायचं, हात घालायचा, चिखल कोंबायचा.

खांड गेली तर काय होतं, हे शहरात सांगताना लोकांना वाटतं, एक पीक गेलं. एक पीक जाणं सोपं असतं. खारं पाणी जमिनीत मुरलं की पुढचे काही पावसाळे मीठ धुण्यातच जातात. उन्हाळ्यात मातीतली ओल वर येते, उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जाते. शेतावर पांढुरकी साय धरते. मग शेतकरी खाचराचं तळं करतो, जिताडा पाळतो. पेणचा जिताडा चवीला मोठा, पाहुणे बोटं चाटत खातात. प्रत्येक तळ्यामागे खांड असते असं नाही, पण काही तळ्यांच्या जागी एकेकाळी भात होतं हे ताटात दिसत नाही.

हा बांध कुळांनी राखायचा आणि पिकातला मोठा वाटा खोताने न्यायचा, अशी जुनी रीत. त्याविरुद्ध शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावी नारायण नागू पाटलांच्या मागे शेतकऱ्यांनी संप केला. १९३३ पासून सहा वर्षं त्यांनी शेत कसलं नाही. पुढे १९४८ ला मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, १९७९ ला महाराष्ट्राने नवा केला, आणि बांधाची काळजी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. याचं काही वाईट नाही. दगड, सिमेंट, यंत्रं गावाला कुठून परवडणार? पण खात्याला रात्र नसते, कचेरीची वेळ असते. उधाण मात्र तिथीनेच येतं. खाडीतून आता बार्जेस जातात, त्यांच्या लाटांनी बांध झिजतो ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. अर्ज जातो, पाहणी होते, निविदा निघते. बांधावर रात्री चालत जाणारा माणूस या साखळीत कुठेच बसत नाही.

पाहणी या शब्दावरून मला २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवते. महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल, १९२८ चा, इंग्रजांच्या वेळचा. पुराच्या पाण्यात, अंधारात त्याचा मधला भाग गेला. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि काही खाजगी वाहनं एकामागून एक त्या पोकळीत उतरली. पुढचा रस्ता संपला आहे हे दिव्यांच्या झोतात कळायला वेळच नव्हता. गाड्यांचा ठाव घ्यायला क्रेनला जड लोहचुंबक बांधून नदीत सोडत होते. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात तो सुरक्षित ठरला होता, असं सरकारने सांगितलं. मामा तेव्हा निवृत्त झाले होते. टीव्हीसमोर बसून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘गाड्यांत काही दोष नव्हता.’ एवढंच. दुसऱ्या कोणाला ते वाक्य कोरडं वाटलं असतं. मला ते एका फिटरने दुसऱ्या, न दिसलेल्या फिटरबद्दल केलेलं दुःख वाटलं. ज्याने रात्री उठून गाडीचे ब्रेक बघितले, त्याचं काम चोख होतं. ते चोख काम एका नीट न बघितलेल्या पुलावरून नदीत गेलं.

नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ ला खुला झाला. ही खरोखर मोठी गोष्ट, आणि याच रस्त्यावरचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा रुंद होताना ज्यांनी वर्षानुवर्षं खड्डे मोजलेत त्यांना तर चमत्कारच. आपल्याला जमत नाही असं नाही. जमतं ते बांधणं. आणि तेही आधी काही कोसळलं असेल तर जास्त चटकन.

रामवाडीहून रेल्वेने दक्षिणेला निघालं की थोड्या वेळात रोहा लागतं. तिथे मध्य रेल्वे संपते, कोकण रेल्वे सुरू होते. इथून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. १९९० ला महामंडळ निघालं, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. ९१ बोगदे, त्यांतला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. ई. श्रीधरन यांच्या लोकांनी हे आठ वर्षांत केलं. कातळातले बोगदे त्यांना तितके जड गेले नाहीत. जड गेले ते मऊ मातीतले, जे आज खणावेत आणि उद्या पुन्हा भरलेले असावेत. हे आकडे आम्ही पाठ केले होते, कारण चाकरमान्याच्या घरात कोकण रेल्वे ही बातमी नव्हती, सण होता.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली आणि गाडी तिच्यावर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. पावसाळ्यात या मार्गावरच्या गाड्या हळू चालतात, त्यांचं वेळापत्रकच वेगळं असतं, आणि रुळांवरून गस्तवाले चालतात: इरलं किंवा रेनकोट, हातात दिवा, पाठीला फटाक्यांची पेटी. धोका दिसला की रुळावर फटाका लावायचा, गाडी त्यावरून गेली की आवाज होतो आणि ड्रायव्हर थांबतो. वातानुकूलित डब्यात पडदा ओढून झोपलेल्या आमच्यासारख्यांना तो माणूस दिसत नाही. खारेपाटातल्या बांधावरचा माणूस आणि हा माणूस एकच काम करतात, हे मला फार उशिरा सुचलं.

इथल्या पाण्याची गोष्टही सांगायला हवी, जरा घाईने. रोह्याजवळून वाहणाऱ्या कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेलं पाणी येतं. ते मुळशीचं. मूळ वाटेने ते भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला मिळायचं. टाटांनी धरण बांधलं, सह्याद्रीच्या पोटातून पाणी कोकणात उतरवलं, १९२७ पासून वीज निघाली. पाणी खाली सोडतात तेव्हा कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात. वर जमिनी बुडाल्या त्या मावळ्यांसाठी सेनापती बापट १९२१ ला सत्याग्रहाला उभे राहिले होते. राफ्टमध्ये हेल्मेट घातलेल्यांना ते कोणी सांगत नाही. आणि पेणचं स्वतःचं हेटवणे धरण, भोगेश्वरीवरचं. त्याचं पाणी नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातल्या काही गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सप्टेंबर २००८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांसमोर मत नोंदवलं: सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही. कालवा अजून यायचाय, पण जमीन भिजणार आहे, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. न आलेल्या पाण्याच्या भरवशावर जमीन राखणं, हा प्रकार इंजिनीअरिंगच्या पुस्तकात सापडत नाही.

आता बियाण्याकडे येतो. खरं तर सगळा वेळ तिकडेच निघालो होतो.

खारेपाटात बांधाआधीचं पहिलं संरक्षण म्हणजे भाताची जात. ‘राता’ म्हणतात. लालसर तांदूळ, कमी उतारा, पण मिठात तग धरणारा. कुठल्या तरी आजे-पणजीने खांड गेलेल्या खाचरात जी लोंबी उभी राहिली तीच पुढच्या वर्षीसाठी वेगळी काढून ठेवली, पुढच्या आजीने पुन्हा तसंच केलं, आणि त्यातून हे बी झालं. जनुक हा शब्द नसताना केलेली ही जनुकांची निवड. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘भुरा राता ४-१०’ घेतला आणि फिलिपिन्सहून आलेल्या बुटक्या, भरघोस आयआर-८ शी त्याचा संकर केला. त्यातून ‘पनवेल-१’ निघालं. पुढे पनवेल-२, पनवेल-३. जगभर हरितक्रांती करणारा भात आणि आमच्या आजीच्या मडक्यातला भात यांचं लग्न पनवेलला लागलं, याचा अभिमान कोणी फारसा बाळगलेला मला दिसला नाही.

मिठात तगणारी भातं मुळांपाशी काय करतात हे आता कळलंय. पाण्याबरोबर सोडियम मुळात शिरतो. त्याला पानांकडे जाऊ न देता वाटेतूनच मागे खेचून घेणारं एक प्रथिन त्यांच्या मुळांत जोमाने काम करतं. पाणी वर, मीठ मागे. उघाडीच ती, फक्त डोळ्यांना न दिसणारी.

४ मे २०२५ ला केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्यांतली एक, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा डीएसटी राइस १’, मीठ आणि अवर्षण सोसण्यासाठी. एमटीयू १०१० या रुळलेल्या जातीतला डीएसटी नावाचा जनुक क्रिस्पर नावाच्या जनुकीय कात्रीने निकामी केला आहे. हा जनुक चालू असताना पानावरची सूक्ष्म छिद्रं जास्त आणि सैल राहतात. तो बंद पडला की छिद्रं कमी होतात, वेळेवर मिटतात, पाणी कमी उडतं. बाहेरचा जनुक यात घातलेला नाही, म्हणून २०२२ च्या सरकारी आदेशाप्रमाणे जनुकांतरित पिकांचे कडक नियम याला लागू होत नाहीत. ज्या दोघींनी २०१२ ला ही कात्री दाखवून दिली, त्या शार्पांतिये आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं. आठ वर्षांत नोबेल, आणखी पाच वर्षांत भारतातलं भात. सावित्रीच्या पुलासारखाच वेग.

मला या भाताची भीती वाटत नाही. निसर्गाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी एकदा राता आणि जंगली देवभात शेजारी ठेवून पाहावेत. आपण किती पूर्वीपासून हात घालत आलो ते दिसेल. मला काळजी वाटते ती बोटभर बिळाची. २००२ ला बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूस आला तेव्हा ४५० ग्रॅमच्या पुड्यासोबत १२० ग्रॅमचा एक छोटा पुडा यायचा. त्यातलं साधं कपाशीचं बी शेताच्या कडेने लावायचं, म्हणजे काही बोंडअळ्या विषाविना वाढतील आणि विष पचवणाऱ्यांची जात शेतभर पसरायला वेळ लागेल. बांधच होता तो, बियाण्याचा. कित्येकांनी तो पुडा फेकून दिला. त्याचं महत्त्व कोणी नीट सांगितलंच नव्हतं, आणि कडेच्या ओळींतलं पीक अळीला द्यायला कोणाला आवडतं? २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने शेतंच्या शेतं खाल्ली. प्रयोगशाळेतलं काम पक्कं होतं. कडेच्या ओळी कोणी राखल्या नाहीत.

हे सगळं मी मामेभावाला सांगितलं. तो आता शेत बघतो, मामा ओटीवर बसून ऐकतात. बी सार्वजनिक संस्थेचं आहे, घरचं बी धरता येईल असं दिसतं, पण कात्रीवरच्या पेटंटांचा प्रश्न काही लोकांनी उपस्थित केलाय, हेही सांगितलं. मला वाटलं, तो बाहेरच्या बांधालगतच्या, अर्धवट खाऱ्या तुकड्याचं नाव घेईल. त्याने घेतलं घरामागच्या, गोड्या तुकड्याचं.

‘खाऱ्या जागेसाठीच आहे ना ते?’ मी म्हटलं.

‘असूं दे. नवीन हाय, रोज नजरेखाली पायजे. बाहेरच्या तुकड्यात रोज जाणं होत नाय. पहिल्या वर्षी हितं लावीन, बाजूला राता. कीड काय लागते, लोंबी कदी भरते, बगीन. मग नेऊ तिकडं.’

मामांनी विचारलं, बी मिळतं कुठे. अजून इथल्या दुकानात आलेलं नाही, असं मी सांगितलं. ‘आलं की कळव,’ मामेभाऊ म्हणाला आणि उठला. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, उघाडीची एक फळी बदलायची होती, आणि सुतार दुपारीच मोकळा होता.